हवेचा परवाना

राजगड म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मुरुंबदेवाचा डोंगर, त्याच्या तीन माच्या आणि शिवछत्रपतींची पहिली राजधानी उभी राहणार, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या राजगढाची ही हकीकत आहे ते गाव माळव्याच्या पश्चिम कडेला, धारहून अहमदाबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सरदारपुराच्या अगदी शेजारी वसलेले आहे, आणि तिकडच्या उच्चाराला मान देऊन मीही त्याला राजगढच म्हणणार आहे. या गावाचा लौकिक आहे तो गावालगतच्या मोहनखेडा या जैन तीर्थामुळे आणि त्या तीर्थाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या आचार्य राजेंद्रसूरींमुळे. प्राकृत शब्दांचा अर्थ संस्कृतात उलगडणारा सात खंडांचा ‘अभिधान राजेंद्र कोश’ सिद्ध करणारे हे विद्वान १९०६ साली याच राजगढात निवर्तले. शब्दांची एवढी मातब्बर ठेव ज्या गावाच्या पदरी आहे, त्या गावात दूरचा आवाज कसा आणि कोणाच्या परवानगीने येऊन पोहोचला, ही गोष्टही तितक्याच निगुतीने सांगण्यासारखी आहे.

माझी धाकटी बहीण राजगढास दिलेली आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे चार दिवस मुक्काम पडला असता, माडीवरच्या कोनाड्यातला तिच्या सासऱ्यांचा वाल्व्हचा रेडिओ खाली उतरवण्याचा घाट भाच्याने घातला. यंत्र केव्हाच निकामी झालेले होते. परंतु सागवानी पेटी आणि तिच्यातला मोठा स्पीकर शाबूत होता, आणि त्या पेटीत पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक बसवून, त्यावर लिनक्स चालवून, घरातल्या वायफायवरून तिला पुन्हा गाती करावी असा त्याचा बेत होता. मागचा भोकाभोकांचा पुठ्ठा काढताच आतून धुळीबरोबर पिवळी पडलेली एक लहानशी पुस्तिका खाली आली. टपाल खात्याने दिलेला तो रेडिओचा परवाना होता. “मामा, नुसतं ऐकायला पण लायसन लागायचं?” असे भाच्याने हसतच विचारले, आणि मी त्याला त्या वेळी जे अर्धेमुर्धे उत्तर दिले तेच येथे सावकाशीने मांडतो आहे.

उत्तराचा आरंभ रेडिओच्या पुष्कळ आधी करावा लागतो, कारण माळव्यात हद्दींचा प्रश्न यंत्रांहून जुना आहे. मराठ्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून या मुलखात शिरल्या, तेव्हापासून धार पवारांकडे, इंदूर होळकरांकडे आणि उज्जैन शिंद्यांकडे अशी वाटणी पडत गेली; खुद्द राजगढ-सरदारपुराच्या टापूत शिंद्यांचा अंमल, त्याला लागून धारचा अंमल, पलीकडे झाबुव्याचे राज्य, आणि या सर्वांवर नजर ठेवणारी इंग्रजांची भोपावर एजन्सी सरदारपुरात ठाण मांडून बसलेली, अशी गोधडीसारखी तुकड्यातुकड्यांची रचना होती. धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली झाला, हे मराठी वाचकाला आठवत असेल. पण त्याच धारने १८९७ साली स्वतःची देवनागरी अक्षरांची टपाल तिकिटे काढून चार वर्षे चालवली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. निरोप हद्दीतून जायचा असेल तर त्यावर हद्दीच्या मालकाचा शिक्का हवा, हा शिरस्ता त्या चिमुकल्या तिकिटांत मूर्तिमंत झालेला दिसतो.

देवासची गोष्ट याहूनही विलक्षण. तुकोजीराव आणि जिवाजीराव हे दोन पवार बंधू पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात उतरले आणि १७२८च्या सुमारास देवासचा मुलूख दोघांना मिळून मिळाला. तेव्हापासून एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने, दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार आणि दोन दप्तरे जवळजवळ सव्वादोनशे वर्षे शेजारी शेजारी नांदली. थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीराव महाराजांचा चिटणीस म्हणून १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर तेथे राहिला, आणि पुढे १९५३ साली त्याने त्या दिवसांवर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. गावावर पहारा करणाऱ्या चामुंडा देवीच्या टेकडीचे नावच त्याने पुस्तकाला दिले. रस्ता, बाजार, विहीर यांची वाटणी करता येते, महसुलाची तर आणेवारी लावता येते. परंतु एका राजवाड्यावर झडणारा चौघडा दुसऱ्या राजवाड्याच्या सज्जात बसलेल्याच्या कानी पडू नये, असा बंदोबस्त कोणत्याही तहनाम्याला साधणारा नव्हता. जमीन मोजणाऱ्या कारकुनाची साखळी जेथे संपते तेथून पुढे आवाजाची हद्द सुरू होते, ही गोष्ट देवासच्या लोकांना कोणतेही पदार्थविज्ञान न शिकता कळलेली असली पाहिजे.

हवेला हद्द नसते हे सरकारलाही कळत होते, आणि म्हणून हवेऐवजी हवेतून काही ऐकणाऱ्या यंत्रावरच शिक्का मारण्याची युक्ती त्याने योजिली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले, आणि सुमारे महिनाभराने कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले. ज्याच्या घरी यंत्र असेल त्याने वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क भरावे आणि त्यातले आठ रुपये कंपनीला मिळावेत, असा करार होता. परंतु दीड किलोवॉटच्या त्या प्रक्षेपकांचा आवाज भरवशाने जाऊन जाऊन किती दूर जाणार, आणि त्या काळच्या दहा रुपयांना किंमत तरी किती! परवानेधारकांची संख्या कशीबशी सात-आठ हजारांपर्यंत रेंगाळली, चोरून ऐकणाऱ्यांची संख्या कोणी मोजली नाही, आणि १९३०च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळे काढल्यावर सरकारला तो कारभार आपल्या हाती घ्यावा लागला. चोरून ऐकणाऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी १९३३ सालचा बिनतारी तारायंत्राचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९३४पासून अंमलात आला. या कायद्याचा रोख मोठा मार्मिक आहे. ऐकणे हा गुन्हा ठरवला तर तो सिद्ध कसा करणार? म्हणून परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवण्यात आला. पहिल्या खेपेस शंभर रुपयांपर्यंत आणि पुढच्या खेपेस अडीचशेपर्यंत दंड. कानांवर पहारा बसवता येत नाही, पेटीवर बसवता येतो.

संस्थानी मुलखात ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा आपोआप लागू होत नसे, आणि काही संस्थानांनी तर स्वतःची प्रक्षेपण केंद्रेही उभारली. ‘आकाशवाणी’ हा शब्द रेडिओच्या संदर्भात रूढ झाला तो म्हैसूरच्या अशाच एका केंद्रामुळे. माळव्यातल्या लहानमोठ्या राज्यांना तेवढी ऐपत नव्हती. येथे ऐकायचे ते परक्यांचे आवाज: मुंबईचे, दिल्लीचे, आणि पुढे सिलोनचे. मुंबई दिवसा ऐकू येत नसे आणि रात्री येई, याचा चमत्कार त्या पिढीतली माणसे फार कौतुकाने सांगत. त्याचे कारण असे की मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि थोड्या अंतरावर क्षीण होतात, कारण आकाशाकडे गेलेला त्यांचा भाग वातावरणाच्या वरच्या थरांतला सूर्याने चेतवलेला एक स्तर गिळून टाकतो. सूर्य मावळताच तो स्तर विरतो, आणि त्याच्याही वरच्या थरावर आपटून लहरी शेकडो मैल पलीकडे जमिनीवर परततात. माळव्याच्या शबेची, म्हणजे तिथल्या रात्रीच्या गारव्याची, सारा हिंदुस्थान तारीफ करतो. त्या रात्रीची ही दुसरी मेहरबानी रेडिओवाल्यांखेरीज कोणाच्या लक्षात आली नसावी.

ती मेहरबानी पदरात पाडून घेण्यासाठी मात्र खटाटोप करावा लागे. खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत तांब्याच्या बारीक तारेच्या जाळीची पट्टी ताणून बांधायची, ती नसेल तर गच्चीवर दोन बांबू उभे करून तार ओढायची, तिचे टोक खिडकीतून आत घेऊन यंत्राच्या पाठीला जोडायचे, आणि दुसरी एक तार मोरीजवळच्या ओल्या मातीत पुरून ‘अर्थ’ द्यायचा. हे सर्व झाल्यावर बटण फिरवायचे, वाल्व्ह तापेपर्यंत मिनिटभर वाट पाहायची, आणि मग दर्शनी काचेमागचा हिरवा डोळा हळूहळू मिटत आला की समजायचे, स्टेशन नेमके लागले. वीज नसलेल्या गावी कोरड्या बॅटऱ्यांची अवजड पेटी घ्यावी लागे, आणि ती उतरली की तालुक्याच्या गावाहून दुसरी येईपर्यंत घर मुके. बहिणीच्या घरी माडीवरच्या तुळईला त्या जाळीचे दोन खिळे अजून आहेत.

१९४८च्या मे महिन्यात संस्थाने मध्यभारत संघात विलीन झाली. त्याच वर्षाच्या आरंभी, म्हणजे हद्दींचे दप्तर गुंडाळले जाण्याच्या जरासे आधी, कुमार गंधर्व क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन देवासला आले. येथील कोरडी हवा मानवेल म्हणून ते आले, आणि वैद्यांनी त्यांना गाण्याची सक्त मनाई केली. ज्या माणसाने बालवयात देशभरच्या मैफली जिंकल्या होत्या, त्याला पाच-सहा वर्षे नुसते ऐकत पडून राहावे लागले. रस्त्याने जाणाऱ्या बायकांची माळवी गीते, पाखरे, बाजारचा कोलाहल, हे सर्व तो ऐकत राहिला. त्याच गावात उस्ताद रजब अली खाँसाहेबांसारखा वयोवृद्ध गवई राहत होता. स्ट्रेप्टोमायसीन या नव्या औषधाने कुमारांना उठवून बसवले, तेव्हा ऐकलेल्या त्या धुनांतून लगनगंधार, मघवा, सहेली तोडी असे नवे राग त्यांच्या गळ्यातून उमटले. आधी ऐकावे, पुष्कळ ऐकावे, आणि मग मुख उघडावे, हा धडा देवासने त्यांना सक्तीने दिला. त्या धड्याशी या लेखाचा काय संबंध, ते पुढे दिसेल.

१९५५ साली इंदूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि माळव्याला प्रथमच घरचा आवाज मिळाला. माळवी बोलीतले शेतकऱ्यांचे कार्यक्रम ऐकण्यासाठी आता रात्रीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. त्या काळी नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. अभिजात संगीताविषयी त्यांची निष्ठा एवढी कडवी की त्यांच्या अमदानीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. सारा देश सिलोनकडे वळला, आणि १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारला तह करावा लागला. राजगढच्या घरांत दिवसा इंदूर आणि बुधवारी रात्री लघुलहरींवर सिलोनची गीतमाला, अशी कानांची दोन पात्यांत वाटणी झाली होती, असे म्हटले तरी चालेल.

आता ती पुस्तिका पाहू. तळहातात मावेल एवढी, जाड कागदाच्या वेष्टनाची. पहिल्या पानावर परवानेदाराचे नाव, वास्तव्याचे ठिकाण, यंत्राची बनावट आणि त्याचा क्रमांक. आतल्या पानांवर वर्षाला एक याप्रमाणे चौकटी, चौकटीत परवाना शुल्काचे तिकीट चिकटवलेले, आणि त्या तिकिटावर पोस्टमास्तरने जोर लावून मारलेला गोल शिक्का. काही शिक्के स्पष्ट, काही पुसट. एका वर्षी शाई इतकी सांडली होती की तारखेच्या जागी नुसता डाग. दरसाल पंधरा रुपये, तेही मुदतीत, कारण उशीर झाला तर अधिभार. बहिणीचे सासरे जिनिंगच्या कारखान्यात मुनीम होते. रुपया मोजताना हात आखडणारा तो माणूस हे पंधरा रुपये मात्र वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पोस्टात भरून येई, असे बहीण सांगते, आणि परवाना तपासणारा कोणी निरीक्षक येईल या धाकाने पुस्तिका यंत्राच्या पोटातच ठेवी. म्हणजे पेटीत स्वर आणि सनद शेजारी शेजारी राहत होती. ट्रान्झिस्टर आल्यावर यंत्र खिशात मावू लागले, शेताच्या बांधावर आणि बैलगाडीच्या दांडीला लटकू लागले, आणि अशा लक्षावधी यंत्रांच्या मागे पुस्तिका घेऊन धावणे टपाल खात्याच्या आवाक्याबाहेर गेले. १९८०च्या दशकाच्या मध्यास रेडिओचे परवाना शुल्क रद्दच झाले. पुस्तिकेतल्या शेवटच्या चौकटी कोऱ्या आहेत.

शुल्क गेले, परंतु कायदा राहिला; आणि येथेच भाच्याच्या त्या पेटीचा इतिहास सुरू होतो. वायफाय म्हणजे अखेर बिनतारी यंत्रच, आणि ते रेडिओपेक्षा एका पायरीने अधिक अपराधी, कारण ते ऐकते आणि बोलतेही. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आधी उद्योगांतल्या आणि वैद्यकातल्या यंत्रांसाठी, पुढे अन्न तापवणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्यांसाठी सोडून दिलेला, दळणवळणाच्या दृष्टीने गावकुसाबाहेरचा मानला जात होता. १९८५ साली अमेरिकेने तेथे परवान्यावाचून संदेशवहनाची मुभा दिली, १९९७ साली ८०२.११ हे मानक ठरले, आणि १९९९ साली त्याला वायफाय हे सुटसुटीत नाव मिळाले. हिंदुस्थानात २८ जानेवारी २००५च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातली अल्पशक्तीची यंत्रे परवान्याच्या अटीतून मुक्त झाली. ही सूट कोणत्या अधिकारात दिली? १८८५चा तारायंत्राचा कायदा आणि १९३३चा तोच बिनतारी यंत्राचा कायदा, या दोहोंच्या कलमांन्वये! ज्या कायद्याने बहिणीच्या सासऱ्यांना दरसाल पोस्टात उभे केले, त्याच कायद्याच्या पोटातून त्यांच्या नातवाला माफीची सनद मिळाली. आणि सनदेला अटी असतातच, तशा हिलाही होत्या: प्रक्षेपकाची शक्ती एक वॉटच्या आत, आणि अँटेनाच्या जोरासह निघणारी एकूण शक्ती चार वॉटच्या आत. २०२३च्या दूरसंचार कायद्याने हे दोन्ही जुने कायदे इतिहासजमा करण्याची तरतूद केली.

भाच्याचा संगणक २०१२ साली बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या पाटीच्या पहिल्या पिढीतला. लिनस टॉरवाल्ड्स या फिन्निश विद्यार्थ्याने १९९१ साली घरी बसून आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली त्यावर चालते, आणि १९९८पासून यारोस्लाव किसेला याने रचत आणलेली आल्सा ही ध्वनिव्यवस्था तिच्यात स्वरांचा कारभार पाहते. परंतु या पहिल्या पिढीच्या पाटीला स्वतःचे वायफाय नाही; ते पाटीवरच बसवलेले मिळू लागले २०१६ साली. तोवर एकच उपाय: नखाएवढे यूएसबी डोंगल. यूएसबीचा शोध लावणाऱ्या चमूचे अध्वर्यू अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी, म्हणजे गायकवाडी सरस्वतीचेच एक अपत्य, हे सांगितल्यावर बहिणीला त्या डोंगलाविषयी एकदम जिव्हाळा वाटू लागला.

डोंगल खाचेत बसवल्यावर आत जे घडते ते एखाद्या जुन्या कचेरीत नवा इसम हजर व्हावा तसे असते. प्रथम डोंगल आपली जातकुळी सांगते: चार अंकाक्षरांचा बनवणाऱ्याचा क्रमांक आणि चार अंकाक्षरांचा मालाचा क्रमांक. लिनक्सच्या दप्तरात त्या जोडीची नोंद असेल तर तिचा ड्रायव्हर पुढे येऊन त्याचा ताबा घेतो. नोंद नसेल तर ते डोंगल खाचेत असूनही नसल्यासारखे, उमेदवारासारखे व्हरांड्यात बसून राहते. वरचे वेष्टन आणि नाव एकच असले तरी आतली चिप बनवणारा केव्हाही बदलतो, म्हणून जाणकार खोक्यावरचे नाव न पाहता तो क्रमांक पाहतात. ताबा घेतल्यावर पुष्कळ डोंगलांना फर्मवेअर लागते, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मेंदूत प्रत्येक खेपेस भरावयाची आज्ञावली. तिचा मसुदा ठरलेल्या कपाटात नसेल तर काम अडते. तिसरी अडचण शिध्याची. यूएसबी २.०च्या नियमाप्रमाणे खाचेने ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज पुरवावी. पण त्या पाटीच्या पहिल्या तुकडीत खाचांवर अवघ्या १४० मिलिअँपिअरचे फ्यूज होते, त्यामुळे डोंगल बोलू लागले की उपासमारीने मूर्च्छित पडे, आणि स्वतंत्र वीज असलेल्या हबचा आधार द्यावा लागे. हे सर्व पार पडले की राउटरशी रुजवात होते: चार पत्रांची देवघेव, जिच्यात पासवर्ड प्रत्यक्ष कोणीच उच्चारत नाही, परंतु तो उभयतांना ठाऊक असल्याची खातरजमा होते. मग पत्ता मिळतो, आणि पेटी घरादाराशी जोडली जाते.

आमच्या पेटीने हे सर्व सोपस्कार विनातक्रार पुरे केले, हबही दिला, फर्मवेअरही दिले. आणि तरीही तिला शेजारच्या पाच घरांचे वायफाय दिसे, घरचे तेवढे दिसेना. भाच्याने पासवर्ड तपासला, राउटर बंद करून चालू केला, डोंगल बदलले. दुपार टळली. अखेर जुळवणीच्या फाइलीत एक ओळ सापडली, तिच्यात देशाचा संकेत लिहिला होता, आणि तो होता अमेरिकेचा. कुठल्याशा नमुन्यावरून उतरवताना तो तसाच राहून गेला होता. आता २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा वाहिन्यांची मुभा आहे आणि अमेरिकेच्या कोष्टकात अकराचीच. घरचा राउटर गर्दी टाळण्यासाठी तेराव्या वाहिनीवर जाऊन बसला होता, आणि आपण अमेरिकेत आहोत अशा समजुतीने चालणाऱ्या पेटीला बारावी आणि तेरावी वाहिनी अस्तित्वातच नव्हती. लिनक्समध्ये देशोदेशीच्या नियमांचे असे एक कोष्टकच असते, आणि यंत्र त्याबरहुकूम स्वतःचे तोंड आवरते. देश सांगितलाच नाही तर ते सर्वांत सावध जागतिक नियम पाळते, ज्यात त्या दोन वाहिन्यांवर ऐकण्याची मुभा असते, आपण होऊन बोलण्याची नसते. आणि त्या पाटीच्या प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्त्या तर देश सांगेपर्यंत बिनतारी विभाग कुलूपबंदच ठेवतात. भाच्याने ‘यूएस’ खोडून ‘आयएन’ ही दोन अक्षरे लिहिली, पेटी पुन्हा चालू केली, आणि मिनिटभरात घरचे नाव यादीत उगवले.

मला त्या क्षणी पोस्टमास्तरचा तो गोल शिक्का आठवला. परवाना नाहीसा झाला असे आपण समजतो. तो नाहीसा झालेला नाही, तो पुस्तिकेतून निघून यंत्राच्या स्वभावात जाऊन बसला आहे. पूर्वी यंत्र मोकाट असे आणि माणसाला धाक असे. आता माणूस मोकळा आहे आणि धाक यंत्राने बाळगला आहे. हे भल्याचे की बुऱ्याचे, याचा निवाडा मी करू धजत नाही. शंभर रुपये दंडाच्या भीतीने पुस्तिका पेटीत दडवून ठेवणारा मुनीम आणि दोन अक्षरांपायी दुपारभर हैराण झालेला त्याचा नातू, यांच्यात अधिक मोकळा कोण, असा प्रश्न मात्र मनात येऊन जातो.

पण देवासच्या दोन पात्यांकडे पाहिले म्हणजे या धाकाचे मर्म उमगते. वाहिन्या तेरा खऱ्या, परंतु एकेकीचा पन्हा एवढा रुंद की शेजारच्या चारपाच वाहिन्यांवर तिचा पदर पडतो. पहिली, सहावी आणि अकरावी एवढ्या तीनच काय त्या एकमेकींना न शिवता नांदतात. राजगढच्या त्या आळीत पाच घरांचे पाच राउटर, आमचा सहावा, आणि सर्वांची हवा एकच. मालक कोणी नाही, मोजणीची साखळी नाही, तहनामा नाही. आहे तो एकच संकेत, आणि तो प्रत्येक डोंगलाच्या हाडामांसात मुरवलेला आहे: बोलण्याआधी ऐक. हवेत दुसऱ्या कोणाचा शब्द चालू असेल तर थांब. तो संपला तरी लगेच उठू नकोस, काही क्षण आपल्या मनाने मोजून थांब, म्हणजे तुझ्याबरोबर थांबलेला दुसरा आणि तू एकदम बोलू लागणार नाहीत. मग बोल, आणि ऐकल्याची पोच मिळाली नाही तर पुन्हा, आणखी अधिक थांबून, बोल. सेकंदाच्या लक्षांशांत चालणारा हा अदबीचा व्यवहार आहे, आणि त्याच्या बळावर गावकुसाबाहेरचा तो पट्टा जगातल्या अर्ध्याअधिक घरांचा आधार झाला. चामुंडेच्या टेकडीखाली रुग्णशय्येवर पडून ऐकत राहिलेल्या त्या गवयाला हा नियम कोणी समजावून सांगावा लागला नसता.

संध्याकाळी पेटी पहिल्यांदा बोलली. मध्येच अडखळली, कारण वीज वाचवण्याच्या नादात डोंगल घडोघडी डुलकी घेत होते. ती सवय एका आज्ञेने मोडल्यावर आवाज अखंड झाला. दूरच्या कोठल्याशा साठवणुकीतून कुमारांचा लगनगंधार निघाला आणि त्या सागवानी पेटीतून, मुनिमाने पंधरा पंधरा रुपये भरून ज्या स्पीकरला हक्क मिळवून दिला होता त्याच स्पीकरवर, राजगढात उतरला. बहीण स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराशी उभी राहिली. तुळईवरच्या दोन खिळ्यांकडे तिची नजर गेली. त्यांना आता काही बांधायचे नव्हते. भाच्याने मागचा पुठ्ठा बसवायला घेतला, तेव्हा ती पुढे झाली, ती पिवळी पुस्तिका तिने पदराने पुसली, आणि पूर्वी होती तेथेच, नव्या पाटीच्या शेजारी, उभी करून ठेवली. “असू दे,” ती म्हणाली, “कोणी तपासायला आलं तर?”